खुंटीवरचा मग

प्रिय मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? शेजारणीशी बोलणं सुरू झालं, की अजून तुझंच खरं चाललंय? मी होस्टेलवर सुखरूप आहे, निदान आरशात तरी तसाच दिसतो.

कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर बर्फातल्या डोंगरांवर जाऊन आलो. मला कोणी आग्रह केला नव्हता, पण मंडळाची खजिनदारीण येणार होती (हे आईला कळता कामा नये). आमचा अध्यक्ष, ज्याला आम्ही सेनापती म्हणतो, हजेरी घेत नाही. हजेरी शाळेत घेतात, असं त्याचं मत. त्याची पद्धत अशी, की डोंगरावरच्या झोपडीतून निघताना प्रत्येकाने आपला मग दारामागच्या खुंटीवर टांगायचा आणि परतल्यावर तो काढून चहा प्यायचा. खुंट्या रिकाम्या झाल्या की सगळे आले असं समजून हा दाराला कडी घालतो आणि निवांत पाय पसरतो. (पद्धत उत्तमच आहे. फक्त आपला मग दुसऱ्याने घ्यायचा नाही, एवढं पथ्य.)

उतरताना माझ्या बुटाची नाडी सुटली. बांधून वर बघतो तो धुकं, आणि पुढची मंडळी गायब! घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. ओ नाही. मग बर्फात पावलांचे ठसे दिसले, एकाच माणसाचे, आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं हा आमचा नियम, म्हणून टाकत गेलो. बूट अगदी नेमका बसत होता. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की डाव्या टाचेची बाहेरची कड घासलेली आहे. (डावा पाय ओढत चालतो म्हणून तू मला लहानपणापासून ओरडतेस ना, हुबेहूब तशीच.) फिरून फिरून त्याच जागी येतोय म्हणावं, तर ठसे सरळ खाली चालले होते आणि जितकं पुढे जावं तितके ताजे होत होते. एवढ्या थंडीत मला दरदरून घाम फुटला. तरी चालत राहिलो, कारण दुसरी वाट नव्हती.

झोपडी आली, तर दाराला आतून कडी आणि आत हसण्याचा गदारोळ. दार बडवलं तेव्हा सेनापतीने उघडलं आणि मलाच झापलं, की आत्ता तर आला होतास, परत बाहेर कशाला तडमडलास? माझी खुंटी रिकामी होती. माझा मग शेगडीजवळ होता, तळाशी घोटभर चहा, कोमट. मी म्हणे सगळ्यांच्या आधी पोचलो, लाकडं फोडली, सगळ्यांचे मोजे वाळत घातले आणि एक असा विनोद सांगितला की सेनापतीला ठसका लागला. (कोणता विनोद, ते अजून कोणी सांगत नाही.) खजिनदारीण हळूच म्हणाली, आज तू पहिल्यांदाच माणसात आल्यासारखा वाटलास. मी खरं सांगितलं, तर थंडी डोक्यात गेली म्हणाले. मावशी, मी विज्ञान शाखेचा, भूतबीत मानत नाही. पण मी बाहेर मरायला टेकलो होतो आणि आत माझी उणीव कोणाला भासली नाही, याचं मला खरोखर रडू आलं.

असो. शेजारीण सोडून सर्वांना नमस्कार.

तुझाच,
भाचा

ता. क. : सुट्टीत अभ्यासाला तुझ्याकडे चाललोय, असं मी आईला सांगितलं होतं. विचारलं तर सांभाळून घे.

ता. क. : आत्ताच आईचा निरोप आला. तुझं तिच्याशी बोलणं झालं म्हणे: मी तिथे वेळेवर उठतो, भांडी घासतो, तुझे गुडघे चेपतो. माझ्यासाठी तू एवढं सफाईदार खोटं बोललीस, म्हणून गहिवरून आलं आणि आभार मानायला लगेच फोन लावला. तुझ्या गुडघ्यांमुळे तुझ्याकडे फोन पाहुण्यांनीच उचलायचा असतो. पाहुण्याने उचलला. आवाज माझा होता.

ता. क. : वागायला सभ्य वाटला. मावशी देवळात गेलीय म्हणाला, कोण बोलतंय विचारलं. मला माझं नाव सांगता येईना. मावशी, तुझ्याकडून रविवारी थेट घरी ये, असं आईने मला कळवलंय. तू त्याला ठेवून घे, काहीही कारण सांग, पण घरी पाठवू नकोस. आईला तो फार आवडेल.