दाखल-खारीज रजिस्टरातली प्रवीणा

प्रिय बाबा,
जय भीम.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी पत्र लिहितेय, कारण जे विचारायचंय ते दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. छावणीतल्या आपल्या लष्करी शाळेचा वर्धापनदिन जवळ आलाय. मी तिथं मराठी शिकवते, म्हणून शाळेचा इतिहास लिहायचं काम प्राचार्या मॅडमनी माझ्याकडं दिलं. आठवडाभर जुनी रजिस्टरं चाळतेय, आणि बाबा, त्यात तुम्हीच सापडलात!

सुरुवात तुम्ही सांगायचात तशीच निघाली. घोड्यांच्या रिकाम्या पागेत चार वर्ग, बाकांऐवजी दारूगोळ्याच्या पेट्या, आणि शिकायला फक्त फौजींची मुलं. पुढं दहावीपर्यंत वर्ग वाढले, तेव्हा तुम्ही पलटणीतून निवृत्त होऊन कवायत शिकवायला आलात. इथपर्यंत मी भराभर लिहिलं.

मग पाचवीच्या पानावर एक ओळ दिसली. 'प्रवीणा. वडील : हवालदार उत्तम.' समोर लाल शाईनं, 'खोटी नोंद. नाव कमी केले.'

बाबा, मी तुमची एकुलती एक. मग ही कोण? खरं सांगू, आधी मनात फार वाईट आलं. दोन दिवस आईच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना.

फाइलीत तुमच्या हातचा खुलासा होता. दोनच वाक्यं. 'मुलगी माझी नाही, हे खरं. ती वर्गात पहिली येते, हेही खरं.' त्याच्याखाली तुम्हाला कामावरून कमी केल्याचा आदेश. आम्हाला तर तुम्ही सांगितलं होतं, "खाकीचा लई कंटाळा आला, मीच सोडली नोकरी." का?

शेवटी आईला विचारलंच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परवीन ती. पलटणीचे कपडे शिवायचे ना, त्या मास्तरांची पोरगी. आता वैजापूरला शाळंत शिकवती. दर ईदला फोन करती मला."

"आणि मला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती."

रविवारी वैजापूरला गेले. परवीननं मला दारातच ओळखलं. म्हणाली, नाक तुमच्यासारखं आहे.

"अब्बांनी शिवलेले गणवेश द्यायला मी शाळेत यायचे," तिनं सांगितलं. "मैदानाच्या कडेला उभी राहून कवायत बघत बसायचे. एक दिवस तुमच्या वडिलांनी विचारलं, 'इथं शिकती का?' मी म्हटलं, 'हमको कौन लेगा?' बाहेरच्या पोरांना प्रवेशच नव्हता ना. त्यांनी अब्बांना राजी केलं, आणि परवीनचं प्रवीणा करून टाकलं."

"केवढं केलं त्यांनी तुमच्यासाठी!" मी म्हटलं.

"केलं. पण रोज हजेरीला 'प्रवीणा' ऐकून 'येस सर' म्हणावं लागायचं. अब्बा गेटावर दिसले तरी ओळख दाखवायची नाही. दीड वर्ष! उपकार म्हणू की सजा, मला आजही कळत नाही."

मला तरी कुठं कळतंय, बाबा? तुम्ही पकडले गेलात तेव्हा मी पाच वर्षांची होते. पुढच्याच जूनमध्ये माझा प्रवेश व्हायचा होता, तुमच्या नोकरीबरोबर तोही गेला. मी महापालिकेच्या शाळेत गेले, आणि पोरगी म्हणून तुम्ही मला हलकं धरलंत असं समजून इतकी वर्षं मनातल्या मनात रुसून राहिले. एकदा तरी बोलायचं होतंत ना! मी इथं शिक्षिका झाले त्या दिवशी तुम्ही गेटापर्यंत आलात. "आत या ना," म्हटलं, तर "ऊन झालंय" म्हणून परत फिरलात. सकाळचे साडेसात वाजले होते.

तुमचा अभिमान वाटतो, आणि लगेच राग येतो. परवीनसाठी जे केलंत, ते माझ्या वाट्याचं होतं का? की लेकरांच्या बाबतीत असा हिशेब करायचाच नसतो? आणि तिचं नाव बदलताना तिला विचारलं होतंत का?

मॅडमना सगळं सांगितलं. "आता छावणीबाहेरची, बाजारातली, पडेगावची मुलंही आपण घेतोच की," त्या म्हणाल्या. "हे कशाला उकरायचं? तुमच्याच वडिलांची बदनामी होईल." त्यांचं चुकलं, असंही मला म्हणवत नाही.

तरी शब्द देते, बाबा. तुम्ही खोटी नोंद केलीत हे लिहीन, कुणासाठी केलीत हेही लिहीन, आणि तिचं नाव परवीन असंच लिहीन. छापतील की गाळतील, माहीत नाही. गाळलं तरी वर्धापनदिनाला ती माझ्याशेजारी बसणार आहे. यायला तयार झालीय. कुणी विचारलं, "या कोण?" तर मी सांगेन, "माझी मोठी बहीण." तेव्हा मी खरं बोलत असेन की खोटं, ते मात्र तुम्हीच सांगा.

तुमची,
संगीता