क्लोरीनने खाल्लेली अंगठी

प्रिय इंदाय,

तू दिलेल्या अंगठीतला खडा पडला. तुझ्या लग्नासाठी घरी आलीस की तुला दिसणारच, म्हणून आधीच सांगते. तुझ्या बोटीवरच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून आईला केलेली अंगठी, आणि माझ्या हातून तिची ही गत झाली. फार लाज वाटते गं.

नोंग देलफिन सोनाराकडे नेली. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "लुर्डिंग, ही अंगठी घातलीस की लोणच्यात मुरवलीस?" खडा धरणारे आकडे क्लोरीनने खाल्ले म्हणे. पोहण्याच्या तलावाचं पाणी असो की फरशीचं ब्लीच, दागिना कामाआधी काढून कोरड्या जागी ठेवायचा, एवढं साधं. मला ठाऊक नव्हतं असंही नाही. शेजारची प्रोसिंग कधीची कानीकपाळी ओरडत होती. पण आपल्या गल्लीत जिचं माणूस बोटीवर आहे, ती बाई त्याने दिलेला दागिना काढते का? अपशकुनच तो. तू समुद्रावर, आणि मी अंगठी काढून खिळ्याला टांगू? हात धजला नाही.

आता तू विचारशील, तुझ्या हाताला क्लोरीन कुठून लागलं? तू तर सगळ्यांना सांगतेस, "माझी नानाय आता पाण्यात हात घालत नाही." तुझ्या पैशांत काही कमी नाही, बाळा. पण बसून खाणं मला जमेना. गेल्या पावसाळ्यापासून मी एका रिसॉर्टचा तलाव धुते. तुझा फोन आला की "टीव्ही बघतेय" म्हणायचे, तेव्हा हातात ब्रश असायचा. खोटं बोलताना जीभ जराही अडखळत नव्हती, याचीच जास्त लाज वाटते.

परवा तू हौसेने सांगितलंस, सासरच्यांनी लग्नाच्या जेवणासाठी तलावाकाठची जागा ठरवली. नाव ऐकलं आणि ओळखलं. तो मी धुते तोच तलाव. तिथले वाढपी, पहारेकरी, सगळे मला ओळखतात. नवा झगा घातला तरी "नानाय लुर्डिंग" म्हणून आईसारखी हाक मारणारच. त्या दिवशी ओळख दाखवू नका, असं त्यांना सांगायला गेले होते. पण न सांगताच परत आले. त्या पोरांनी माझ्या डब्यातला भात खाल्लाय. ती हाक मारतील आणि मी ओ देईन. तुझी आई हा तलाव धुते, हे तुझ्या सासूबाईंना त्याआधी तू सांग. तुला जमणार नसेल तर तसं कळव, ताप आल्याचं सांगून मी घरीच राहीन.

तुझीच,
नानाय