आई खिडकीकडे का बघते

ती. बाबांना, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या आईला, नमस्कार.

मी मजेत आहे. दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं काम आता माझ्याकडेच असतं. जेवते वेळेवर, खरंच.

आईला तीन चष्मे करून पाठवले, तरी ती म्हणते, "तुझं तोंड तेवढं पुसल्यासारखं दिसतं." मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. काल आमच्या दुकानातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना तिचे रिपोर्ट दाखवले. त्या म्हणाल्या, "अगं, वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. तो चष्म्याने भरून निघत नाही. पण कडेची नजर सहसा शाबूत राहते. म्हणून अशी माणसं तिरकं बघतात."

बाबा, तेव्हा कुठे मला उलगडलं. व्हिडिओ कॉलवर आई खिडकीकडे तोंड करून बसते, आणि मी समजत होते, मी लांब आले म्हणून रुसलीय! तरीच मागे एकदा खिडकीकडे बघत म्हणाली, "केस विंचर जरा."

आता "पोरीकडे बघ ना" म्हणून तिच्यावर ओरडू नका. ती शिवायला बसली की दिवा तिच्याजवळ ठेवा. तुमचा गुडघा कसा आहे?

आई, रविवारी तू खुशाल खिडकीकडे बघ. मी केस नीट विंचरून बसेन.

तुमची थोरली