विल्फचे सहा माग

थॉर्नक्लफ, ५ मार्च १९३३

ती. सेलिनाताईस,
आल्माचा सा. न. वि. वि.

भावोजींनी पाठवलेली कोळंबी पोचली. पोस्टमन पुडकं हातभर लांब धरून आला होता. निम्मी विल्फच्या बाजूला टेबलावर ठेवली. बोलले नाही.

तू लिहितेस, आई जाऊन वर्ष झालं, घरात भाऊबहीण दोघंच, अबोला किती दिवस धरायचा? ताई, तुला गिरणी सोडून दहा वर्षं झाली. संपात आम्ही फाटकाशी उभे होतो आणि आपला सख्खा भाऊ नेहमीच्या चारांऐवजी सहा माग घ्यायला आत गेला. एकानं सहा घेतले की दुसरी घरी बसते. शेजारची मॅगी अजून बसलीय. आता आमच्या खात्यात त्याच्याकडे कुणी तोंड करत नाही. त्या खडखडाटात आपलं सगळं बोलणं एकमेकांचे ओठ वाचून, समोरच्यानं पाठ फिरवली की संपलं. मीही फिरवते. राग येत नाही, रडूही येत नाही. मायेत अंतर नको.

आल्मा

मोरकॅम, ९ मार्च

चि. आल्मास अनेक आशीर्वाद.

वासाला नावं ठेवलीस, पण ताटली चाटूनपुसून खाल्ली असणार, ओळखून आहे मी तुला!

विल्फ चुकला, हजारदा चुकला. संघटनेनं काय करायचं ते करावं. पण तो मला लिहितो, की आठ महिन्यांत कुणी साधं बरं आहेस का विचारलं नाही, आता मी वर बघणंच सोडलंय. एक वाक्य बोल. घरी जमत नसेल तर खात्यात, सगळ्यांदेखत बोल. तुला माझी शपथ.

तुझी ताई

थॉर्नक्लफ, १७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोलले. मंगळवारी त्याच्यासमोर उभी राहिले आणि ओठांनी सांगितलं, की आज मटण-बटाटा शिजवतेय, वेळेवर ये. तो चालत्या मागाच्या चाकांतली कापसाची लव काढत होता. सहा माग असले की थांबवून काढायला वेळ नसतो. त्यानं वर पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

माग मीच बंद केला. त्याला नेल्यावर मी माझ्या मागांवर परत गेले. एक धागा तुटला होता, तो जोडला. मला काहीच झालं नाही. तुझी शपथ पाळली, आता पुन्हा घालू नकोस.

आल्मा

थॉर्नक्लफ, २ एप्रिल

ती. ताईस विल्फचा सा. न.

डाव्या हाताचं अक्षर आहे, गोड मानून घे. गिरणीनं मला काढलं. माझ्या सहांतले चार माग मॅगीला मिळाले. बरं झालं, मनापासून सांगतो.

आल्मा मला वाढते आणि भिंतीकडे तोंड करून जेवते. तिला वाटतं, तिच्या बोलण्यानं घात झाला. ताई, तिचं बोलणं मी पहिल्याच नजरेत वाचलं, तेव्हा हात धड होता. मग येतो म्हणून सांगायला मी दुसऱ्यांदा वर पाहिलं आणि हसलो. तेवढ्यात चाकानं धरलं. बोटं गेली ती माझ्या उत्तरापायी. हे मोठ्यानं सांगू लागलो तर ती कानांवर हात ठेवते, ओठांनी सांगू लागलो तर डोळे मिटते. आठ महिने सगळ्यांनी पाठ फिरवली, ते मला कळत होतं. हे सोसवत नाही.

तू तिला लिही. तुझं पत्र ती वाचेल.

विल्फ