फट असलेला ळ

केडगाव,
सोमवार

प्रिय ब्लेसन,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते फोडणार नाहीस, म्हणून पत्ता मम्मीकडून लिहून घेतलाय. ती दर रविवारी मागच्या अंगणात जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते, हे मला केव्हाचं ठाऊक आहे. चार वर्षं झाली, तू घरी आलेला नाहीस. कोणामुळे आला नाहीस, तेही ठाऊक आहे. पण आधी कालची हकिकत सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी निमोण्याची एक मुलगी स्कूटीवरून आली. अपेक्षा तिचं नाव, रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. रविवारी उपासनेनंतर चर्चचा हॉल हवा म्हणाली, मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरवायचाय. शिरूर-दौंडकडचे शिक्षक आणि कंपनीतली मंडळी जुने कॉम्प्युटर घेऊन येणार, आणि ही पोरं त्यात सगळं फुकट घालून देणार. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. याच हॉलमध्ये टाय लावलेले दोघे ताकदीची पावडर घेऊन आले होते, आठवतं? तीही पहिल्या दिवशी फुकटच होती. मी तिला म्हटलं, यात तुमचं काय? तर म्हणाली, "काय न्हाई आबा. ज्याला येतं त्यानं बनवायचं, आन् ज्याला पायजे त्यानं घ्यायचं." इतकं सरळ उत्तर देणारं माणूस मला तरी पक्कं लबाड वाटतं.

संपतमामांना सांगितलं, तर त्यांनी भरच घातली. "हॉलच्या जागेवर कुणाचा तरी डोळा असंल. समद्यांचे नंबर लिहून घेतील, आन् इलेक्शन आलं की कळंल." पाळकांनी तोवर होकार दिला होता, नाहीतर मी किल्ली हरवली म्हणून सांगणार होतो. मग ठरवलं, आपण स्वतः बसायचं आणि रंगेहाथ पकडायचं. बाहेर लावलेल्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवले आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसलो, शेजारी संपतमामा.

गंमत अशी की कोणी कोणाचा नंबर घेतलाच नाही. साधं नावही विचारलं नाही. चहाचं सामान त्यांनी घरून आणलेलं, भेळही. याने माझा संशय उलट वाढला. मग ते पेंग्विनचं चित्र असलेली स्टिकरं वाटायला लागले, तसं संपतमामांनी मला कोपरानं ढोसलं, "हे चिन्न कुणाचं रं?" मी वहीत लिहिलं, पेंग्विन, पक्ष अज्ञात. हसू नकोस. चाळीस वर्षं चर्चच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, प्रुफं तपासली. चूक शोधायची डोळ्यांना सवयच लागली आहे. समोर कोरा कागद आला तरी मी त्यात काहीतरी शोधतो.

जेवायच्या आधी अपेक्षाने भिंतीवर मराठी अक्षरं दाखवली, ही हाताएवढी. कोणीही वापरा, पुस्तकं छापा, लग्नपत्रिका छापा, परवानगी लागत नाही. मी अ पासून एकेक तपासत गेलो. ळ आला आणि मी ताडकन उभा राहिलो.

तो आपल्या छापखान्यातला ळ होता. मोठ्या टाइपातल्या ळ च्या उजव्या वेटोळ्यात शाई बसायची, म्हणून मी चौदाच्या चौदा खिळे चाकूच्या टोकाने कोरले होते. त्या वेटोळ्यात एक बारीक फट राहिली. ती फट जगात दुसरीकडे कुठे असणं शक्य नाही. आणि ब्लेसन, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की यांनी आमचा ळ चोरला. मी भर हॉलमध्ये ओरडलो, हा कुठून उचललात?

अपेक्षा घाबरली नाही. म्हणाली, "आबा, ज्यानं बनवलाय त्याचं नाव खालीच हाय की." आणि तिने ते मोठं करून दाखवलं. मूळ खिळे, एबनेझर, केडगाव, म्हणजे मी. संगणकावर उतरवणारा, ब्लेसन. काम सुरू केल्याची तारीखही होती. ती पुढे सांगत होती, की यात कुणालाही चूक दिसली तर बनवणाऱ्याला कळवायची, सगळ्यांना वाचता येईल अशी उघड लिहायची, तीच इथली रीत. ळ ची फट बुजव म्हणून दोघांनी कळवलं होतं. तू दोघांनाही उत्तर दिलंस, ही फट राहणार.

मी खाली बसलो. संपतमामा काहीतरी विचारत होते, मला ऐकू आलं नाही.

ती तारीख मी कशी विसरेन? त्याच आठवड्यात तू मोठ्या टाइपाची पेटी पिशवीत घालून नेलीस. आठ दिवसांनी जशीच्या तशी परत आणलीस. कामाला हवी होती, म्हणालास. कसलं काम, हे मी विचारलंच नाही. भंगारवाल्याने घेतली नाही म्हणून परत आणली, असं मी धरून चाललो, आणि रविवारी भर मंडळीसमोर उभा राहून तुझं नाव घेतलं, माझ्या मुलाने चर्चची चोरी केली म्हणून. तू सोमवारी गेलास.

पुढचं मम्मीने तुला सांगितलं नसेल, मीच तिला तशी ताकीद दिली होती. वर्षभरात छापखाना मोडला आणि सगळे खिळे टेंपोत भरून दौंडला भंगारात गेले. कागदावर सही माझी होती. ज्याचा तुझ्यावर आळ घेतला, ते मी माझ्या हाताने केलं. जे उरलं, ते तू त्या आठ दिवसांत उतरवून घेतलंस तेवढंच. मी चुकलो, पोरा. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी उपासना संपल्यावर मी त्याच जागी उभा राहून हे वाचणार आहे, चूक जिथे केली तिथेच, सगळ्यांना ऐकू येईल असं. तू आलास तर दाराजवळच्या बाकावर बस, मला तिथून नीट दिसतं. नाही आलास तरी मी वाचणारच.

तुझाच,
पप्पा