तिचे जोडलेले हात

तीर्थरूप आई,

नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप पोचलो, पोटभर जेवतो, तेव्हा उगीच जीव टांगणीला लावून बसू नकोस. बंड्या तुला छळत नाही ना? शाळेत जाताना त्याचं दूध गाळून दे, साय दिसली की तोंड वाकडं करतो. हे इथेही दुकानाचे फोन घेत हिंडतात. काल बालगृहाच्या दारातसुद्धा मालावरून कुणाशी तरी वाद चालला होता.

आपण दत्तक घेणार ती मुलगी फोटोतल्यापेक्षा बारीक आहे. आम्ही खोलीत गेलो की ती हात जोडते आणि डोळे घट्ट मिटते. मला भरूनच आलं. आपल्या घरच्या प्रार्थनेचा व्हिडिओ पाठवला होता ना, तो बघून शिकली असणार! मग मीही रोज तिच्यासमोर बसून हात जोडायचे.

इथली भाषा आम्हाला येत नाही, म्हणून आज न राहवून सोबतच्या दुभाषी बाईंना म्हटलं, ती देवाकडे काय मागते ते विचारा ना. त्यांनी तिला सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं. मावशी खाली बघत काहीतरी पुटपुटल्या.

बाई म्हणाल्या, "ही माणसं मला न नेताच परत जाऊ देत, असं मागते."

उद्या कोर्टात दत्तकाच्या कागदांवर सह्या आहेत. यांना अजून सांगितलेलं नाही. ते तिच्यासाठी बाहुली आणायला गेलेत.

आई, ती आपल्याला मिळावी म्हणून तुम्ही सगळे देवापुढे बसता. आज ते मागू नका. तिची भीती जाऊ दे, एवढंच मागा. मला तर हात जोडायचंच भय वाटतंय. देवाने माझं ऐकलं, तर त्या एवढ्याशा जिवाचं ऐकलं नाही, असंच होईल ना?

तुझी लेक