साबणाची वडी

३ मार्च २०१४
पोहोचलो एकदाचा सिंगापूरला! निशिकांतमामांचा भाड्याचा बंगला जुना, बैठा. मागच्या आवारात गरम पाण्याच्या बॉयलरची डिझेलची टाकी, चांगली माणसाच्या उंचीची. मामा-मामी लग्नाला पुण्याला चाललेत, महिनाभर घर मी सांभाळायचं. तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं म्हणून मामींनी जेवताना दोन टोमणे मारले. मारोत. जिच्यासाठी आलो ती इरा इथे शिकते, तोआ पायोहला राहते, बसने वीस मिनिटं! कॉलेजचं काय घेऊन बसलात?

८ मार्च
टाकी गळतेय. तळाशी वाटाण्याएवढं भोक. गॅरेजवाले ट्रकच्या टाकीला करतात तसं केलं, कपड्याच्या साबणाची वडी भोकात दाबून भरली. थेंबही नाही. ऐटीत इराला फोटो पाठवला.

१५ मार्च
इरा आली. सोबत तिचा मित्र धवल, वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये नोकरी करणारा. साबण बघून म्हणाला, हा काय टेम्पो आहे का? इरा पोट धरून हसली. माझ्या कुठल्याच विनोदाला ती अशी हसली नव्हती. टाकी रिकामी करून ठेव, उद्या आत उतरून बघतो, म्हणाला.

१६ मार्च
धवल एकटाच आला. उतरला. कॉलेज जमलं नाही, टॉर्च तरी नीट धर, असं आतून ओरडला. डोकं फिरलं. झाकण लावून वर बसलो. पाचच मिनिटं, जिरवायला. आधी शिव्या, मग ठोकणं, मग माझं नाव घेऊन गयावया. ते ऐकायला बरं वाटलं. चहा करून आलो.
उघडलं तर डिझेलच्या वाफेचा भपका. हाका मारल्या, ओ नाही.
बोल्ट आवळले. इराला सांगितलं, तो मेट्रोने परत गेला.

१८ मार्च
टाकी रिकामी, तरी गळतेय. वडी खाली पडलेली. तिच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा. परत दाबली.

१९ मार्च
दाबताना पलीकडून कोणीतरी—
वडीवर आता दात उमटलेत.

२० मार्च, दुपार
इरा धवलला शोधत आली. टाकीतलं ठोकणं तिनेही ऐकलं. तो जिवंत आहे म्हणत स्वतः पान्याने बोल्ट काढले, उतरली. माझ्या साबणाला हसली होती. त्याच्यासाठी उतरली.
मी फक्त झाकण—

२१ मार्च
आत दोघं हसतायत. ती तशीच, पोट धरून—

२२ मार्च
स्वयंपाकघरात तेलाची पावलं. दोन जोड्या. भर दुपारी.
खोलीला कडी घातली. दाराखालून तेल— वडी फटीत भरली. थांबलं. थेंबही नाही—
पलीकडून दाबतायत. टॉर्च तरी नीट धर, असं इरा म्ह